चंदन : मालकी आणि रास्त भाव

मालमत्ता-अधिकार व किंमत यांचा परस्परसंबंध कर्नाटकातील चंदनाच्या इतिहासातून स्पष्ट होतो. १७९२ मध्ये टिपू सुलतानाने चंदनास राजवृक्ष घोषित केले. खाजगी जमिनीतील झाडही राज्याचे ठरले. पहिल्या महायुद्धामुळे युरोपला होणारी चंदनाची निर्यात खंडित झाली, तेव्हा म्हैसूर संस्थानाने १९१६ मध्ये बंगळुरू येथे चंदनतेलाचे उत्पादन सुरू केले. ओंडक्याऐवजी तेल विकल्याने मूल्यवर्धनाचा लाभ संस्थानास मिळू लागला.

शेतकऱ्याची स्थिती मात्र बदलली नाही. झाड त्याच्या बांधावर, राखणीची जबाबदारी त्याच्यावर आणि मालकी शासनाची; साहजिकच लागवडीस प्रोत्साहन उरले नाही. पुरवठा घटला व तस्करी फोफावली.

२००१ मध्ये कर्नाटक वन अधिनियम, १९६३ यात दुरुस्ती होऊन जमीनधारकास चंदनवृक्षाची मालकी मिळाली. तथापि विक्री वन खाते व ठरावीक शासकीय संस्था यांच्यापुरतीच मर्यादित ठेवण्यात आली. विक्रेते अनेक व ग्राहक मोजके, या स्थितीस अर्थशास्त्रात अल्पक्रेताधिकार म्हणतात. तीत विक्रेत्याची सौदाशक्ती क्षीण होते.

दुसरा प्रश्न मोजमापाचा. चंदनाचे मोल सुगंधी गाभ्यात असते. बाहेरील पांढरे लाकूड तुलनेने स्वस्त. म्हणून ओंडका तासून, प्रतवारी व वजन करून भाव ठरतो. उभ्या झाडातील गाभ्याचा अंदाज शेतकऱ्यास सहसा येत नाही. ही माहितीची विषमता खरेदीदाराच्या पथ्यावर पडते.

सारांश, केवळ मालकी दिल्याने रास्त भाव मिळत नाही. त्यासाठी विश्वासार्ह प्रतवारी, खुला लिलाव व स्पर्धक ग्राहक यांचीही जोड आवश्यक ठरते.