मळणी उरकली की एक दिवस वसईला

भाताची मळणी होते, पेंढा रचून होतो, कणग्या भरतात आणि शहापूर-मुरबाडच्या घरांना जरा उसंत मिळते. मग लग्नकार्ये निघतात, पौषात म्हशाची जत्रा भरते. मुलांची शाळेची सहल होते, घरधनी कामानिमित्त कल्याण-ठाण्याला जाऊन येतो. पण घरची बाई? ती गोठा सोडून कुठे जात नाही. यंदा एक दिवस सगळ्या घराने मिळून वसईचा किल्ला पाहायला जावे.

वसईच का? आपल्या भातसा आणि काळू नद्यांचे पाणी उल्हास नदीला मिळते आणि वसईच्या खाडीतून समुद्राला जाते. त्या खाडीच्या मुखाशीच हा किल्ला उभा आहे. २०१४ साली पालघर जिल्हा झाला, तोवर वसई आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांनी तटाच्या आत अख्खे शहरच वसवले. पुढे दोनशे वर्षे त्यांचा अंमल राहिला. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने तटाला सुरुंग लावून, फार मोठी माणसे गमावून किल्ला घेतला. तिथल्या घंटा मराठ्यांनी देवळांना वाहिल्या. श्रावणात भीमाशंकरला जाता तेव्हा देवळापाशी जी मोठी घंटा दिसते, ती वसईचीच. पुढे ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला, तोही याच वसईत.

गुरांचे काय?

खरी अडचण इथेच येते. त्यावर उपाय आपल्याच रीतीत आहे. लावणीला आपण एकमेकांकडे सावड करतो, तशीच ही करावी. आज शेजारीण आमच्या गुरांना वैरण-पाणी करील, धार काढील. पुढच्या खेपेस तिचे घर जाईल तेव्हा आम्ही करू. हे आठ दिवस आधी ठरवावे आणि दोन दिवस आधी शेजारणीला गोठ्यात नेऊन गुरांशी ओळख करून द्यावी. नवख्या हाताला म्हैस पान्हा चोरते.

जायचे कसे?

शहापूरकरांनी आसनगावहून लोकल धरावी, मुरबाडकरांनी एसटीने कल्याण गाठावे. पुढे दिव्याहून वसई रोडला थेट गाडी आहे. पण तिच्या फेऱ्या थोड्या, म्हणून वेळ आधी विचारून ठेवावी. ती चुकली तर दादरला उतरून पश्चिम रेल्वेची विरारकडची लोकल घ्यावी. रविवारी रुळांच्या कामासाठी गाड्या रद्द होतात, तेव्हा शाळेच्या सुट्टीचा दुसरा वार बरा. वसई रोडला पश्चिमेस उतरले की किल्ल्याकडे बस आणि रिक्षा मिळतात. पहाटे निघाल्यास दहाच्या आत पोहोचता येते. परतायला तीनला निघावे.

निघण्याआधी माणशी जाण्यायेण्याचे भाडे मांडून बघा. भाकरी, चटणी, कांदा आणि भरपूर पाणी घरूनच न्यावे. तटाच्या आत सावली आहे, पण खाण्यापिण्याची सोय धरून चालू नये.

पाहायचे काय?

जमिनीकडच्या दरवाजाने आत शिरावे. छप्पर गेलेली उंच चर्चे, कमानी, सेंट जोसेफ चर्चचा मनोरा, चिमाजी आप्पांचे स्मारक असे पाहत सावकाश खाडीकडच्या दरवाजाला यावे. तिथे कोळ्यांच्या होड्या दिसतील. चर्चच्या जमिनीत अक्षरे कोरलेल्या शिळा आहेत. ती थडगी आहेत, त्यांवर पाय देऊ नये. मोडक्या जिन्यांवर पोरांना चढू देऊ नये, झुडपांत हात घालू नये. भिंतींवर कोळशाने नावे तर मुळीच लिहू नयेत. आजी सोबत असेल तर तिला एका झाडाखाली बसवून बाकीच्यांनी फिरावे.

परत येताना बाजारात वसईची सुकेळी मिळाली तर घ्यावीत. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की ती होतात. आपल्याकडे केळीची बाग असेल तर हा जोडधंदा डोक्यात ठेवण्यासारखा आहे.

त्यातली चार सुकेळी शेजारणीला द्यायला विसरू नका. आणि तिची पाळी येईल त्या दिवशी पहाटेची धार तुम्ही काढा.