भरल्या पोटी जिंकलेली सुवर्णपदकं

१९९३ साली नॉर्वेतल्या ऑस्लो शहरात हॉलंडची लिओन्टीन व्हॅन मोर्सेल रस्त्यावरच्या सायकल शर्यतीत दुसऱ्यांदा जगज्जेती झाली. पुढच्याच वर्षी ती शर्यतींतून दिसेनाशी झाली. अपघात झाला नव्हता, वयही झालं नव्हतं. जेमतेम चोवीस वर्षांची होती ती. मग झालं तरी काय? जगातली सर्वांत वेगवान सायकलपटू उपाशी राहून राहून खंगली होती.

सायकलींच्या देशातली मुलगी

२२ मार्च १९७० रोजी बूकेल या लहानशा गावात लिओन्टीनचा जन्म झाला. हॉलंडमध्ये शाळकरी पोरांपासून आजीआजोबांपर्यंत सगळेच सायकलवर फिरतात. तिथे सायकल चालवणं ही काही मोठी गोष्ट नाही, पण जगज्जेती होणं ही नक्कीच आहे.

सायकल शर्यतींचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक रस्त्यावरचा : शंभरेक किलोमीटर अंतर, घाट, ऊन-पाऊस आणि शेजारी प्रतिस्पर्ध्यांचा घोळका. दुसरा ट्रॅकवरचा : लंबवर्तुळाकार, कडेला उंच चढत गेलेली धावपट्टी आणि ब्रेक नसलेली सायकल. बरेच खेळाडू यांपैकी एकच निवडतात. लिओन्टीनने दोन्ही निवडले. १९९० मध्ये जपानला झालेल्या जागतिक स्पर्धेत तिने ट्रॅकवरची वैयक्तिक पाठलाग शर्यत जिंकली. या शर्यतीत दोघी धावपट्टीच्या समोरासमोरच्या बाजूंनी निघतात आणि एकमेकींचा पाठलाग करतात. त्याच वर्षी रस्त्यावरच्या सांघिक शर्यतीतही तिच्या संघाने सुवर्णपदक मिळवलं. १९९१ मध्ये जर्मनीतल्या श्टुटगार्टला ती रस्त्यावरची जगज्जेती झाली. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती.

हलकं शरीर, भारी किंमत

त्या काळी महिला सायकलपटूंमध्ये दबदबा होता तो फ्रान्सच्या जिनी लाँगोचा. फ्रान्समधल्या बहुदिवसीय शर्यतीत तिला हरवायचं म्हणजे उंच डोंगरात हरवायचं. आणि डोंगराचा हिशेब सरळ असतो. सपाट रस्त्यावर पायांतली ताकद महत्त्वाची, पण चढावर प्रत्येक किलो वजन स्वतःलाच वर ओढून न्यावं लागतं. वजन घटवलं की चढ सोपा होतो.

लिओन्टीनने वजन घटवायला सुरुवात केली. १९९२ मध्ये तिने ती शर्यत जिंकली, १९९३ मध्येही जिंकली. इथेच खरा घात झाला. वजन कमी होत होतं आणि पदकं मिळत होती. मग यात काही चुकतंय असं कुणाला वाटणार? जी गोष्ट शर्यतीची तयारी म्हणून सुरू झाली, तिचा आजार झाला. डॉक्टर त्याला ॲनोरेक्सिया म्हणतात. या आजारात माणसाला आपण जाड आहोत असंच वाटत राहतं, मग अंगावर हाडं दिसू लागली तरी. प्रत्येक घास गुन्हा वाटतो.

शरीर काही दिवस साठवलेल्यावर चालतं, मग स्वतःलाच खाऊ लागतं. स्नायू झिजतात, हाडं ठिसूळ होतात, मासिक पाळी थांबते, हृदयाचे ठोके मंदावतात. वेळेवर उपचार झाले नाहीत तर हा आजार जिवावरही बेततो. लिओन्टीनच्या पायांतली ताकदच संपली. १९९४ मध्ये तिने सायकल बाजूला ठेवली.

परतीची वाट

या काळात तिच्या पाठीशी उभा राहिला मायकेल झाइलार्ड. तो स्वतः ट्रॅकवरचा सायकलपटू. १९९५ मध्ये दोघांनी लग्न केलं. पुढे तिच्या कारकिर्दीची बाजूही त्याने सांभाळली. बरं होणं एका दिवसाचं काम नव्हतं. आधी पुन्हा जेवायला शिकायचं होतं, मग सायकलवर बसायचं होतं.

१९९८ मध्ये हॉलंडमधल्याच व्हाल्केनबुर्ख इथे जागतिक स्पर्धा झाली. घरच्या प्रेक्षकांसमोर लिओन्टीनने टाइम ट्रायल, म्हणजे एकटीने घड्याळाशी झुंजायची शर्यत जिंकली. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली.

आणि मग आलं २००० सालचं सिडनी ऑलिंपिक. ट्रॅकवर ३ किलोमीटरच्या पाठलाग शर्यतीत तिने ३ मिनिटं ३०.८१६ सेकंदांचा जागतिक विक्रम केला आणि सुवर्णपदकही घेतलं. ट्रॅकवरच्याच गुणांच्या शर्यतीत रौप्य मिळालं. नंतर भर पावसात रस्त्यावरची शर्यत जिंकली आणि शेवटी टाइम ट्रायलही. दोन आठवड्यांच्या आत तीन सुवर्ण, एक रौप्य! त्या टाइम ट्रायलमध्ये तिसरी आली ती जुनी प्रतिस्पर्धी जिनी लाँगो. तिला हरवण्यासाठी एकेकाळी लिओन्टीनने अन्नाशी वैर धरलं होतं. आता ती पोटभर जेवून जिंकली होती.

१ ऑक्टोबर २००३ रोजी मेक्सिको सिटीत तिने एका तासात ४६.०६५ किलोमीटर अंतर कापून विश्वविक्रम केला. तो पुढे जवळजवळ बारा वर्षं, २०१५ पर्यंत टिकला. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये रस्त्यावरच्या शर्यतीत ती जोरात पडली. तरीही तीनच दिवसांनी, खरचटलेल्या अंगाने, तिने टाइम ट्रायलचं सुवर्ण राखलं. मग पाठलाग शर्यतीत कांस्य मिळवून तिने निरोप घेतला. ऑलिंपिकमधली एकूण कमाई : चार सुवर्ण, एक रौप्य, एक कांस्य.

निवृत्तीनंतरही तिने आपला आजार लपवला नाही. खाण्याच्या अशा विकारांनी ग्रासलेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना आधार मिळावा म्हणून तिने एक घर उघडलं.

आपल्या घरात पाहा

ही गोष्ट फक्त खेळाडूंची नाही. मुलगी डबा तसाच परत आणते, ‘मैत्रिणीकडे खाल्लं’ म्हणून ताटावरून उठते, एका उपवासाला दुसरा जोडते, आरशासमोर सारखी कुरकुरते, सैल कपड्यांत अंग लपवते, पाळी चुकली तरी सांगत नाही. यातलं एखादं लक्षण कधीतरी दिसलं तर घाबरू नका, पण बरीचशी एकत्र आणि सतत दिसू लागली तर डोळेझाक करू नका. मुलांमध्येही हा आजार होतो, हेही लक्षात ठेवा. रागावून किंवा बळजबरीने भरवून तो जात नाही. शरीराचे डॉक्टर आणि मनाचे डॉक्टर, दोघांचीही गरज लागते. आणि घरच्यांनी एवढं तरी करावं : ‘जाड झालीस’, ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ अशी शेरेबाजी जेवताना तरी टाळावी.

वजन घटल्यावर मिळालेल्या कौतुकानेच लिओन्टीनचा आजार इतके दिवस झाकून ठेवला होता. तिची सर्वांत मोठी पदकं मात्र ताटावर नीट बसायला लागल्यानंतरची आहेत.