मोगऱ्यावर कात्री

पाऊस सरला, दिवाळीचा फराळ संपला, की घरची बाग डोळ्यांना खुपू लागते. पायवाटेच्या फरश्यांवर शेवाळ धरलेले, कडेच्या विटा गवतात बुडालेल्या, मेंदीचे कुंपण वाटेल तसे सुटलेले. मग एखाद्या रविवारी आपण खुरपे घेऊन बसतो, वाटा मोकळ्या करतो, वाफ्यांच्या कडा सरळ करतो आणि मोगऱ्यापाशी येऊन थांबतो. हिरव्यागार झुडपावर कात्री चालवायला हात धजत नाही.

पण मोगरा छाटावाच लागतो. त्याला कळ्या येतात त्या नव्या फुटीवर. जुन्या काड्या नुसती पाने मिरवतात. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरात काही दिवस पाणी तोडायचे, मग झुडूप जमिनीपासून दीड फुटावर आणायचे, वाळकी आणि आत घुसलेली काडी पार काढून टाकायची. काप डोळ्याच्या किंचित वर आणि तिरपा. नंतर खत, पाणी. गुलाबाची छाटणी त्याआधी, ऑक्टोबरातच उरकायची. कुंदाला मात्र या दिवसांत हात लावू नये. त्याचा बहर थंडीतलाच. सगळ्या झुडपांना एकाच दिवशी एकाच उंचीवर आणणारे माळी मी पुष्कळ पाहिले आहेत. बाग म्हणजे त्यांना सैनिकी शाळा वाटते.

आपली छाटणी राहिली तर गजरा विकत आणता येतो. दादरच्या फूलबाजारातल्या कितीतरी कळ्या येतात त्या विक्रमगड, जव्हार, मोखाड्याच्या डोंगरांतून. मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्याच्या आसपास फांद्या तोडण्याची विद्या कुणाला शिकवायला नको. ऐनाच्या फांद्या उतरवून, वाळवून, भाताच्या रोपांसाठी राब भाजणे तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. मणिभाई देसाईंच्या ‘बायफ’ने १९८२ मध्ये गुजरातेत वांसद्याला आदिवासी कुटुंबांबरोबर ‘वाडी’ सुरू केली: एकरभर उतारावर आंबा-काजू आणि कडेने जळण-चाऱ्याच्या झाडांचे जिवंत कुंपण. ती वाडी पुढे जव्हार-मोखाड्यातही आली आणि या भागात मोगराही रुजला.

आयुष्यभर बँकेत कर्जाचे अर्ज वाचल्यामुळे मला या झुडपाचा हिशेब आधी दिसतो. छाटणी दिवाळीनंतर, पैसा हातात येतो फेब्रुवारी-मार्चपासून, कळ्या पहाटे खुडून बाजारात पोचल्या तर. मधल्या दोन-तीन महिन्यांत फक्त पाणी घालायचे आणि वाट पाहायची. नेमके याच दिवसांत इथली माणसे बिऱ्हाड घेऊन भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर निघतात. भट्टीवाल्याची उचल आधीच हातात पडलेली असते. बँकेचा कागद तेवढा चपळ नसतो, हे मी टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिले आहे. घर भट्टीवर गेले तर छाटलेल्या मोगऱ्याला पाणी कोण घालणार? आणि मोगऱ्यासाठी थांबले, तर तोवर चूल कशावर? ज्याला हे तीन महिने निभावता येतात, त्याची मुले शाळेत राहतात.

पाण्याचे तर विचारूच नका. पावसाळ्यात डोंगर धो-धो वाहतात आणि उन्हाळ्यात मोखाड्याचे पाडे टँकरची वाट पाहतात. याच तालुक्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण आहे. २०१४ पासून त्याचे पाणी मुंबईला जाते. म्हणजे मुंबईच्या गॅलरीतल्या कुंडीला मोखाड्याचे पाणी सहज मिळते, मोखाड्याच्या मोगऱ्याला ते डोक्यावरून आणावे लागते.

तेव्हा वाटा झाडून झाल्यावर पाचोळ्याला काडी लावू नका. छाटलेल्या मोगऱ्याच्या बुंध्याभोवती, खोडाला चिकटू न देता, चार बोटे जाडीचा थर द्या. ओल टिकते, गवत कमी उगवते. आपल्याकडे त्याने नळ थोडा कमी सोडावा लागतो. मोखाड्याच्या उतारावर त्याने रोजची एखादी घागर वाचते.