मुदत ठेवीचे व्याज : पावतीवर किती, हातात किती?



शेतकऱ्याच्या घरात मोठी रक्कम फार क्वचित येते. जमिनीचा तुकडा विकला, सरकारने जमीन घेऊन मोबदला दिला, मुलगा नोकरीतून निवृत्त झाला, तर येते. ती बँकेत मुदत ठेवीत जाते आणि पावती ट्रंकेत. पुढे मुदत भरते तेव्हा घरात बोलणे होते : "पावतीवर एवढे लिहिले होते, मग हातात कमी का आले?" याचे उत्तर पावती करतानाच माहीत असावे, म्हणून हा लेख.

भाईंदरहून उत्तनकडे जाताना राई-मोर्वाच्या पुढे डोंगरी गाव लागते. बोलण्यात ते अजून गावच आहे, पण आहे मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत. ही महानगरपालिका २००२ साली झाली. हद्दीची ही गोष्ट जमिनीच्या पैशाला कशी लागू पडते, ते पुढे येईलच. आधी व्याजाचा हिशेब पाहू.

व्याज घ्यावे की साठवावे?

मुदत ठेवीचे मुख्य प्रकार दोन. एकात व्याज दर महिन्याला किंवा तिमाहीला तुमच्या खात्यात जमा होते. दुसऱ्यात व्याज मुद्दलात मिळत जाते आणि त्या व्याजावरही व्याज चढते. समजा, १ लाख रुपये ७ टक्के दराने ५ वर्षांसाठी ठेवले. तिमाहीला व्याज घेतलेत तर दर वेळी १,७५० रुपये, म्हणजे पाच वर्षांत ३५,००० रुपये मिळतील. व्याज तिमाहीला मुद्दलात मिळू दिलेत तर पाच वर्षांनी सुमारे १,४१,४७८ रुपये होतील. घरखर्च व्याजावर चालवायचा असेल तर पहिला प्रकार घ्या. मुलीच्या लग्नासाठी किंवा घर बांधण्यासाठी साठवायचे असेल तर दुसरा. दर बँकेबँकेत आणि मुदतीप्रमाणे वेगळा असतो. साठ वर्षांवरील ठेवीदाराला बहुतेक बँका थोडा जास्त दर देतात. घरात आजी-आजोबांचा स्वतःचा पैसा असेल तर तो त्यांच्याच नावाने ठेवावा.

शेतीचा पैसा, पण व्याज शेतीचे नव्हे

शेतीच्या उत्पन्नावर केंद्र सरकारचा प्राप्तिकर नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यावरून पुष्कळ जण धरून चालतात की भात विकून आलेला पैसा बँकेत ठेवला तर त्याचे व्याजही करमुक्त. तसे नाही. पैसा कोठून आला, याच्याशी व्याजाचा संबंध नाही. व्याज हे करपात्र उत्पन्नच आहे.

म्हणून सर्वांनाच कर भरावा लागतो असे मात्र नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करपद्धतीत निवासी व्यक्तीचे एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे नेहमीच्या उत्पन्नावर कर पडत नाही. जमीन विक्रीच्या नफ्यासारख्या वेगळ्या दराच्या उत्पन्नाला मात्र ही सवलत लागू नाही.

बँक कापून का घेते?

कर आणि कपात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका बँकेतले तुमचे वर्षाचे ठेवींचे व्याज ५०,००० रुपयांच्या वर गेले की बँक १० टक्के कापून सरकारजमा करते. साठ वर्षांवरील ठेवीदारासाठी ही मर्यादा १ लाख आहे. दोन्ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासूनच्या. पॅन दिला नसेल तर कपात २० टक्के.

उदाहरण घ्या. १० लाख रुपये १ एप्रिलला ७ टक्क्यांनी ठेवले आणि व्याज मुद्दलात मिळू दिले. पहिल्या वर्षाचे व्याज सुमारे ७१,८५९ रुपये. मर्यादा ओलांडल्याने कपात साऱ्या व्याजावर होईल, म्हणजे सुमारे ७,१८६ रुपये. पॅन नसेल तर १४,३७२. व्याज अजून हातात आलेले नसले तरी दर वर्षी कपात होते. ती ठेवीतूनच झाली तर मुदतीअंती पावतीवरच्या आकड्यापेक्षा कमी रक्कम येते. हाच तो फरक.

ज्याला कर लागतच नाही त्याने काय करावे? कर लागत नाही असे सांगणारे स्वयंघोषणापत्र बँकेत द्यावे. जुन्या कायद्यात साठच्या आतल्यांसाठी १५ जी आणि साठच्या वरच्यांसाठी १५ एच अशी त्याची नावे होती. नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे, म्हणून बँकेत चालू अर्ज मागून घ्या. साठच्या आतल्या माणसाचे व्याज मूळ करमुक्त मर्यादेपेक्षा जास्त असेल तर हा अर्ज चालत नाही. तो दर वर्षी एप्रिलमध्ये नव्याने द्यावा लागतो. राहून गेला आणि रक्कम कापली गेली, तर विवरणपत्र भरून ती परत मिळवता येते.

बायकोच्या किंवा लहान मुलाच्या नावाने पावती केली की कर चुकतो, हाही गैरसमज. नवऱ्याने दिलेल्या पैशावरचे बायकोचे व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात मोजतात. अज्ञान मुलाचे व्याज आईबापांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त त्याच्यात धरतात.

जमिनीचा पैसा आला तर

आता डोंगरीच्या हद्दीची गोष्ट. शहरापासून ठरावीक अंतरापलीकडच्या खेड्यातली शेतजमीन विकली तर भांडवली नफ्याचा कर नाही. महानगरपालिकेच्या हद्दीतली शेतजमीन, मग तिच्यात पिढ्यान्‌पिढ्या भात पिकत असो, विकली तर कर लागतो. मात्र विक्रीपूर्वी दोन वर्षे तिच्यात तुम्ही किंवा तुमचे आईवडील शेती करीत असाल आणि दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतलीत, तर त्या प्रमाणात सूट मिळते. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत जमीन मिळाली नाही तर ती रक्कम बँकेतल्या भांडवली नफा खात्यात ठेवावी लागते. येथे पुष्कळ जण फसतात. साध्या मुदत ठेवीत ठेवलेली रक्कम या सुटीसाठी धरत नाहीत. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली सरकारने सक्तीने घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यावर प्राप्तिकर नाही, पण तो मोबदला ठेवीत टाकला की त्याच्या व्याजावर आहे.

पैसा सुरक्षित आहे ना?

अर्धा टक्का जास्त व्याजासाठी बँक निवडण्याआधी २०१९ चा सप्टेंबर आठवा. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि ठेवीदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. ठेव विमा महामंडळाचे संरक्षण प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल व व्याज मिळून ५ लाखांपर्यंत आहे. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासूनची. त्याआधी ती १ लाख होती. हा विमा सहकारी बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. मोठी रक्कम असेल तर ती दोन-तीन बँकांत विभागून ठेवा.

पावती करताना

सारी रक्कम एका पावतीत अडकवू नका. चार छोट्या पावत्या केल्या की गरजेला एकच मोडता येते. मुदतीआधी मोडली तर ठेव जितके दिवस राहिली तितक्या दिवसांचा दर मिळतो आणि त्यातूनही बहुधा दंड कापतात. थोड्या दिवसांची नड असेल तर पावतीवर कर्ज मिळते का ते आधी विचारा. मुदत पेरणीच्या आधी संपेल अशी धरा. उत्तनच्या मच्छीमार बांधवांनी जून-जुलैच्या मासेमारी बंदीचा काळ लक्षात घ्यावा.

वारसदाराचे नाव नोंदवल्याशिवाय बँकेतून उठू नका. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नावे देता येतात. मुदत संपलेली पावती तशीच पडू देऊ नका, कारण त्यानंतर बचत खात्याचा किंवा ठरलेला, यांपैकी कमी असेल तोच दर मिळतो. दहा वर्षे कोणी विचारले नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. हक्क बुडत नाही, पण खेटे घालावे लागतात.

आज संध्याकाळी घरातल्या साऱ्या पावत्या काढा. एका वहीत बँक, रक्कम, दर, मुदत आणि वारसदार लिहा. ती वही घरच्या बाईला आणि मोठ्या मुलामुलींना दाखवा. कर्त्या माणसाला काही झाले तर कोणती पावती कुठे आहे, हे घरच्यांना ठाऊक असले पाहिजे.