सुके लेप भरताना

फोंडाघाटच्या बाजारात किनाऱ्यावरून येणारा लेप आपल्या ओळखीचाच. चपटा, जिभेसारखा, दोन्ही डोळे डाव्या अंगाला! पिल्लू असताना डोळे दोन बाजूंना असतात. पुढे उजवा डोळा सरकून डावीकडे येतो आणि मासा तळाच्या चिखलावर आडवा पडून राहतो.

जून-जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. म्हणून लावणीच्या दिवसांसाठी सुके लेप मे महिन्यातच भरा. घेताना मोडून बघा, कडक हवा. ओलसर लागला तर स्वस्तातही नको. वाळूवर सुकवलेला दाताखाली कचकचतो. जाळ्यावर सुकवलेला बरा. घरी पुन्हा एक कडक ऊन द्या, गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. गरम भरलात तर आत पाणी सुटते. बुरशी दिसली तर धुऊन खाऊ नका, कोंबड्यांनाही घालू नका.