साठ की आठ?

इचलकरंजीतल्या जुन्या यंत्रमाग कारखान्यात शिरलं की तोंडाचं काम हात करू लागतात. सूत तुटलं, कांडी संपली, चहा आला, सगळं खुणेनं. मागावरचा धोटा फटक्यासरशी या टोकाहून त्या टोकाला जाऊन आदळतो, मिनिटाला शंभराहून जास्त वेळा. असे कितीतरी माग एकाच पत्र्याखाली. विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये या गावात पहिला यंत्रमाग बसवला. तेव्हापासून हा खडखडाट म्हणजे गावाची भरभराट, असंच समीकरण झालं. भिवंडी-मालेगावातही तेच.

नव्या पोराच्या कानात पहिल्या पाळीनंतर शिट्टी वाजत राहते. सकाळी उठतो तेव्हा ती थांबलेली असते. ‘सवय होईल,’ जुने लोक सांगतात.

सवय होत नाही. कान जातो.

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखं कर्णावर्त असतं. त्यातल्या सुमारे पंधरा हजार केसपेशी आवाजाची थरथर टिपतात आणि साधारण तीस हजार तंतूंची श्रवणचेता ती मेंदूकडे नेते. या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. आवाजाचा मार आधी बसतो तो ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे बारीक, तीव्र आवाजांवर. स, श यांसारखी व्यंजनं वरच्या पट्टीतली. ती विरू लागतात, स्वर मात्र ऐकू येत राहतात. मग दुकानदार ‘साठ’ म्हणतो आणि गिऱ्हाईक ‘आठ’ ऐकतं. घरचे म्हणतात, बाबांचं लक्षच नसतं. टीव्हीचा आवाज वाढत जातो.

हे कळायला वेळ लागतो, कारण सुरुवात गुपचूप होते. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात ताग विणणाऱ्या स्त्रियांचे कान तपासले गेले; तो अभ्यास १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. मागांचा आवाज शंभर डेसिबलच्या घरात होता आणि ४००० हर्ट्झवरचं बहुतेक नुकसान पहिल्या दहा-पंधरा वर्षांतच होऊन गेलेलं होतं. म्हणजे विसाव्या वर्षी कामाला लागलेल्या बाईचं, पस्तिशीच्या आत.

त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट २००९ मध्ये पुढे आली. शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या संशोधकांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. दोन आठवड्यांत त्यांची श्रवणक्षमता चाचणीत पूर्ववत दिसली, केसपेशीही शाबूत. पण कर्णावर्ताच्या काही भागात केसपेशी आणि श्रवणचेतेचे तंतू जोडणारे जवळपास निम्मे दुवे कायमचे तुटले होते. पुढे कित्येक महिन्यांत ते तंतूही झिजत गेले. माणसात हे किती प्रमाणात घडतं, यावर संशोधकांत अजून वाद आहे. तरीही सकाळी थांबलेल्या त्या शिट्टीकडे आता पूर्वीच्या निश्चिंतीनं पाहता येत नाही.

डेसिबलचा हिशेब फसवा आहे. तीन डेसिबल वाढले की ध्वनिऊर्जा दुप्पट होते. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या संस्थेची शिफारस आठ तासांना ८५ डेसिबलची; त्याच हिशेबानं १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं मिळतात. यंत्रमागावर बारा तासांची पाळी सर्रास चालते. कानात कोंबलेल्या कापसाच्या बोळ्यानं जेमतेम फरक पडतो. चांगली कानबोंडी वापरली, पण उकाड्यामुळे निम्मी पाळी काढून ठेवली, तर ३० डेसिबलचं संरक्षण जेमतेम तीनवर येतं.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत गोंगाटानं येणारा बहिरेपणा नोंदवणं बंधनकारक असलेल्या आजारांत होता. पण घराला लागून चार-सहा माग टाकलेल्या शेडमध्ये हा कायदा क्वचितच पोचला. आणि ज्याचा हात मागात सापडतो त्याच्यासाठी सगळे धावतात. कान गेलेल्याचं रक्त दिसत नाही.

म्हणून कारखानदारांना एक विनंती आहे. नव्या पोराला मागावर उभं करण्याआधी त्याची श्रवणचाचणी करून घ्या, तिचा आलेख जपून ठेवा आणि दर वर्षी नवा काढून शेजारी ठेवून पाहा. चाचणीला अर्धा तास लागतो.