काटा आणि संगणक यांचे संभाषण



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांना अभिवादन करून मी आपल्या रोजच्या व्यवहारातील एक विषय मांडतो. भालकी-हुमनाबादकडे उसाच्या गाड्या आणि आळंद-कलबुर्गीकडे तुरीची पोती वजनकाट्यावर चढतात. शेतकऱ्याचे वर्षभराचे श्रम तेथे एका आकड्यात उतरतात. काट्याच्या इंडिकेटरवरून तो आकडा संगणकात जातो, तो बहुधा सीरियल पोर्टच्या वाटेने. अशी यंत्रे जोडणे हा माझा व्यवसाय. ही वाट बिघडली तर ती कशी तपासावी, एवढेच मला सांगावयाचे आहे.

अरुंद साकवावरून माणसे एकामागून एक जातात, तसे या तारेतून एका वेळी एकच बिट जाते. त्यासाठी आरएस-२३२ हे प्रमाण अमेरिकेत १९६० साली ठरले. दोन्ही टोकांनी वेग आणि अक्षराची रचना आधीच ठरवून घ्यावी लागते. तारेतून जाताना ती कोणी कोणास सांगत नाही. बहुतेक बिघाडांचे मूळ येथे आहे. ते तीन प्रकारचे असतात.

पहिला प्रकार, आकडा मुळीच न येणे. ९ पिनांच्या जोडणीत संगणकाची २ क्रमांकाची पिन ऐकते, ३ क्रमांकाची बोलते आणि ५ क्रमांकाची समाईक असते. केबल काढून २ व ३ या पिना तारेच्या तुकड्याने जोडाव्यात आणि एखादे अक्षर पाठवावे. ते परत आले तर संगणकाचे पोर्ट निर्दोष. दोष केबलमध्ये, इंडिकेटरमध्ये किंवा प्रोग्रॅममध्ये शोधावा. आता पुष्कळ ठिकाणी यूएसबीचा जोड वापरतात. तो दुसऱ्या खाचेत लावला की पोर्टचा क्रमांक बदलू शकतो, हेही पाहावे.

दुसरा प्रकार, विचित्र चिन्हे येणे. सर्वच अक्षरे बिघडली असतील तर प्रथम वेग जुळवावा. परंतु ०, ३, ५, ६, ९ नीट उमटतात आणि १, २, ४, ७, ८ यांच्या जागी भलतीच चिन्हे येतात, तेव्हा निदान जवळजवळ निश्चित असते. इंडिकेटर ७ बिटे व सम पॅरिटी पाठवत आहे आणि संगणक ८ बिटे, पॅरिटीविना, असे वाचत आहे. दुसऱ्या गटातील अंकांत १ ची संख्या विषम असते. ती सम करण्यासाठी जोडलेले बिट संगणक अक्षराचाच भाग समजतो.

तिसरा प्रकार सर्वांत घातक, कारण त्यात बिघाड दिसतच नाही. इंडिकेटर आकडे अखंड पाठवत असतो. प्रोग्रॅमने मधूनच वाचावयास आरंभ केला तर १८४५० किलोचे ८४५० होतात. आकडा खोटा, पण विश्वसनीय! काही यंत्रे अंक उलट क्रमानेही पाठवतात. म्हणून प्रत्येक आकड्याच्या आरंभ-अंताची खूण पटल्यावाचून प्रोग्रॅमने तो स्वीकारू नये.

मुका काटा कोणालाही फसवत नाही. काम थांबते आणि माणूस दुरुस्तीला येतो. फसवतो तो चुकीचे स्पष्ट बोलणारा. यास्तव दुरुस्तीनंतर हलक्या-जड अशा अनेक वजनांनी पडताळणी करावी. आपणही पावती खिशात घालण्यापूर्वी तिच्यावरील आकडा इंडिकेटरवरील आकड्याशी ताडून पाहावा. त्याला कोणतेही तंत्रज्ञान लागत नाही. आपल्या शाळेने शिकवलेली अक्षर-अंकांची ओळख पुरते.